रात्री नऊला आठ कनेक्शन: अडकणाऱ्या एका जावा प्रणालीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेची प्रणाली आमच्याकडे देखभालीला आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, तिच्यासाठी एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचंही नाही. दोघांची नावं कळून वाचणाऱ्याचा काही फायदा नाही. जावा ८ मधला प्रोग्रॅम, तो चालवणारा टॉमकॅट, स्प्रिंगची चौकट, पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि डेटाबेसच्या जोडण्या तयार ठेवून वाटणारा कनेक्शन पूल हिकारीचा. मुख्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर, वर एक एसी, शेजारी जुन्या लेजरचे गठ्ठे. दिवसभर ही प्रणाली बिनबोभाट चालते. खरी गर्दी संध्याकाळी साडेपाचनंतर, कारण पिग्मी एजंट बाजारपेठेत तेव्हाच फिरतात. गल्ल्यात चार पैसे जमल्याशिवाय दुकानदार भरणा देत नाही. एजंट हातातल्या मशीनवर खातं क्रमांक आणि रक्कम टाकतो, नोंद थेट सर्व्हरवर जाते आणि दुकानदाराच्या मोबाइलवर मेसेज येतो.

तक्रार अशी होती की संध्याकाळी कधीतरी सगळंच थांबतं. एजंटांची मशीनं फिरत राहतात, शाखांमधले स्क्रीन फिरत राहतात. टॉमकॅट रीस्टार्ट केला की दोन मिनिटांत सुरळीत. संस्थेच्या संगणक विभागात एक काका आहेत, निवृत्तीला आलेले, शिस्तीचे. प्रत्येक रीस्टार्टची तारीख आणि वेळ ते एका लांब वहीत लिहीत. मला त्या वहीचं आधी हसू यायचं. या प्रकरणात सगळ्यात विश्वासाचा पुरावा तीच वही ठरली.

माझ्याकडे हे येण्याआधी दोन उपाय होऊन गेले होते. पहिला, हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, २ जीबीवरून ४ जीबी. जावा अडकली की मेमरी वाढवायची, हा आमच्या धंद्यातला घरगुती काढा आहे; ताप कशाचा आहे हे न बघता द्यायचा. फरक शून्य. दुसरा उपाय जरा विचार करून केलेला होता. लॉगमध्ये हिकारीची ओळ सापडली होती: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंद वाट पाहून विनंती सोडून दिली. हिकारीच्या पूलमध्ये आपण काही सांगितलं नाही तर जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात, आणि एखाद्या थ्रेडला, म्हणजे एकेक विनंती हाताळणाऱ्या आतल्या कामकऱ्याला, ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही तर तो हात वर करतो. म्हणून कुणीतरी १० चे ३० केले. आणि खरंच, त्रास कमी झाला. अडकणं बंद झालं नाही, पण रोजचं दुखणं दोन-तीन दिवसांआड गेलं. सगळ्यांनी हुश्श केलं. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते.

मी जेकन्सोल लावायचं ठरवलं. आमच्याकडच्या नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, ते जुनं नाही का?" जुनं आहेच. २००४ साली जावा ५ बरोबर ते आलं. चालत्या जावा प्रोसेसच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून विचारता यावं म्हणून जेएमएक्सची जी सोय आहे, तिच्यावर बसवलेली ही एक साधी खिडकी. दिसायला आजही २००४ चीच. पण जेडीकेच्या, म्हणजे जावा लिहिणाऱ्यांच्या साधनसंचाच्या, बिन फोल्डरमध्ये ती आयती असते, परवाना नको, सर्व्हरवर काही बसवायला नको. एकच सर्व्हर आणि एकच दुखणं असताना मोठी यंत्रणा उभी करायला पंधरा दिवस कशाला घालवायचे?

सर्व्हरवर फक्त जेआरई (जावा चालवण्यापुरता संच) होतं, जेडीके नव्हतं. म्हणजे तिथे जेकन्सोलही नाही आणि थ्रेड काय करतायत ते छापणारं जेस्टॅकही नाही. एका अर्थी बरंच झालं. ही खिडकी स्वतःही मेमरी आणि सीपीयू खाते. जो सर्व्हर तपासायचा त्याच्याच डोक्यावर ती बसवू नये, दुसऱ्या मशीनवरून जोडावी. जेडीके असतं तर त्यातल्या जेसीएमडी या आज्ञेने चालत्या प्रोसेसमध्येच जेएमएक्सचं दार उघडता आलं असतं. आता रीस्टार्ट लागणार होता. "रीस्टार्टचं काय, ताई, आपल्याकडे तो नैवेद्यासारखा आहे," काका म्हणाले.

जोडणीत अर्धा दिवस गेला, आणि तो कुठे गेला हे सांगते, कारण बहुतेक जण इथेच कंटाळून नाद सोडतात. टॉमकॅटच्या सेटएन्व्ह फाइलमध्ये जेएमएक्स रिमोटचा पोर्ट ९०१० दिला, काकांनी फायरवॉलमध्ये ९०१० उघडला, मी पुण्यातून जोडायला गेले आणि खिडकी नुसती थांबून राहिली. कारण जेएमएक्स मागच्या दाराने आरएमआय, म्हणजे दूरच्या जावा प्रोसेसशी बोलायची पद्धत, वापरतं. ९०१० वर फक्त पत्ता मिळतो. खरं बोलणं दुसऱ्या पोर्टवर होतं, आणि तो पोर्ट आपण सांगितला नाही तर दर वेळी वेगळा निघतो. फायरवॉलला तो माहीत असणार कसा? शिवाय सर्व्हर स्वतःचं म्हणून जे नाव सांगतो ते आतल्या नेटवर्कमधलं, जे माझ्या लॅपटॉपला कळतच नाही. उपाय दोन ओळींचा. आरएमआयचा पोर्टही ९०१० च द्यायचा, ही सोय जावा ७ च्या चौथ्या अपडेटपासून आहे. आणि आरएमआयचं होस्टनेम १२७.०.०.१ ठेवून एसएसएचच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, बोगद्यातून जायचं. मग काकांना फायरवॉलमधलं भोक बुजवायला सांगितलं.

पासवर्ड बंद, एसएसएल बंद आणि पोर्ट उघडा, असा तीन ओळींचा नुस्खा जिथे तिथे सापडतो. घरच्या लॅपटॉपवर तो ठीक आहे. जिथे लोकांचे पैसे आहेत तिथे नाही. उघड्या जेएमएक्समधून नुसते आलेख दिसत नाहीत. बाहेरचा माणूस बाहेरून एमबीन (जेएमएक्समधून आकडे दाखवणारा आणि आज्ञा घेणारा जावाचा तुकडा) आत आणून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. आम्ही बोगदाही ठेवला आणि पासवर्डही. पासवर्डची फाइल मालकाशिवाय आणखी कुणाला वाचता येत असेल तर जावा प्रोसेस सुरूच होत नाही. नव्या मुलाने ती फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली होती, त्यामुळे टॉमकॅट उठेना आणि दहा मिनिटं सगळ्या शाखा आमच्या नावाने शंख करत होत्या. वहीत तीही वेळ आहे.

त्याच रीस्टार्टमध्ये आणखी एक गोष्ट केली, ती पुढे कामाला आली. हिकारीला स्वतःचे एमबीन नोंदवायला सांगितलं. ते आपणहून होत नाही, सेटिंग चालू करावं लागतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो. उघडल्यावर पहिल्या टॅबवर चार आलेख येतात: हीप, थ्रेड, लोड झालेले क्लास, सीपीयू. दर चार सेकंदांनी एक ठिपका पुढे. थोड्या वेळाने नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, मेमरी वाढत चाललीय." वाढत होती, मग धाडकन खाली आली, परत वाढू लागली. करवतीचे दात. हे दात बघून घाबरणारे खूप भेटतात. खरं म्हणजे हे निरोगी जावाचं लक्षण आहे. कोड चालतो तशी नवी ऑब्जेक्ट तयार होतात, जागा भरते, गार्बेज कलेक्टर येऊन झाडून जातो. बघायचं ते दातांच्या वरच्या टोकाकडे नाही, खालच्या. मेमरीच्या टॅबवर ओल्ड जेन, म्हणजे टिकून राहिलेल्या ऑब्जेक्टची जागा, निवडायचं आणि मोठी झाडलोट झाल्यावर पातळी कुठपर्यंत उतरते ते पाहायचं. ही तळाची पातळी दिवसागणिक वर सरकत असेल तर गळती. आमची तळाची पातळी हलत नव्हती. त्याच टॅबच्या तळाशी कलेक्टर किती वेळा चालला आणि त्यात एकूण किती वेळ गेला ते लिहिलेलं असतं, तेही किरकोळ. म्हणजे ४ जीबीचा काढा उगाच. मेमरी निर्दोष. त्या टॅबवर झाडलोट करायचं बटण आहे, ते मुलाला दाबू दिलं नाही. संध्याकाळी सहाला चालू सर्व्हरवर पूर्ण झाडलोट मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मध्येच फरशी पुसायला काढणं.

क्लासचा आलेख सपाट. सीपीयू गर्दीच्या वेळीही निवांत. थ्रेड थोडे वाढले, परत उतरले. आठ वाजले, काही अडकलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. दोन दिवस गर्दीच्या वेळी डोळे फोडून आम्हाला काही म्हणजे काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप तसाच चालू ठेवून मी जेवायला उठले. सव्वानऊला बंद करायला आले तेव्हा एमबीनचा टॅब समोर होता, हिकारीचा पूल निवडलेला. चालू कनेक्शन: ८.

मी आकड्यावर दोनदा क्लिक केलं, म्हणजे त्याचा आलेख उघडतो. पाच मिनिटं बघितलं. सरळ आडवी रेघ, आठावर. रात्री सव्वानऊला सगळ्या शाखांना कुलूप, एजंट घरी, रात्रीचं कुठलंही काम साडेअकराच्या आधी सुरू होत नाही. मग ही आठ कनेक्शन कुणाच्या हातात?

गर्दीच्या वेळी आठ आकडा दिसला असता तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. दोन संध्याकाळी तो माझ्या डोळ्यांसमोरून गेलाही असेल. बाजारपेठेतल्या गोंगाटात कुणी खोकलं तर ऐकू येत नाही. कुलूप लावलेल्या बँकेत कुणी खोकलं तर मात्र अंगावर काटा येतो.

टॉमकॅटच्या एमबीनमध्ये गेले. तिथे कॅटलिना नावाखाली थ्रेडपूल असतो, त्यात कामात गुंतलेल्या थ्रेडचा आकडा. तोही ८. म्हणजे आठ थ्रेड, प्रत्येकाच्या मुठीत एक कनेक्शन. मग थ्रेडच्या टॅबवर, खालच्या गाळणीच्या चौकटीत एक्झेक लिहिलं, म्हणजे टॉमकॅटचे कामकरी थ्रेड तेवढे उरतात. आता दोनशे थ्रेडचा गुंता नव्हता. पंचवीस नावं होती, आणि एकेकावर क्लिक करून वाचायला हातात अख्खी रात्र होती. सतरा जण रांगेत नव्या कामाची वाट बघत बसलेले, हे ठीक. आठ जणांची अवस्था मात्र रनेबल, म्हणजे पळतोय.

या शब्दाने भले भले फसतात. रनेबल म्हणजे थ्रेड सीपीयू खातोय असं वाटतं. पण नेटवर्कवरून उत्तराची वाट बघणारा थ्रेड सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) वाचायच्या नेटिव्ह, म्हणजे जावाबाहेरच्या, कॉलमध्ये असतो, आणि जावाच्या लेखी तोही रनेबलच. सीपीयूचा आलेख जमिनीला टेकलेला आणि आठ थ्रेड पळतायत, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. म्हणून आठांचे क्रमांक कागदावर लिहिले, चहा केला, अर्ध्या तासाने परत आले. तेच आठ, त्याच ओळीवर, केसभरही न हललेले.

जेकन्सोलमध्ये डेडलॉक शोधायचं बटण असतं. दाबलं. डेडलॉक नाही, असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं आणि निरुपयोगीही. ते बटण जावाच्या स्वतःच्या कुलपांमध्ये दोन थ्रेड एकमेकांत अडकलेत का, एवढंच पाहतं. एक थ्रेड बाहेरच्या कंपनीसाठी ताटकळलाय आणि दुसरा डेटाबेसमधल्या कुलपासाठी, हे त्याला दिसत नाही.

आठांपैकी सहा जणांच्या स्टॅकमध्ये, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत, सॉकेटच्या ओळीखाली जावाचा साधा एचटीटीपी क्लास होता, त्याखाली आमचा मेसेज पाठवायचा क्लास, आणि त्याही खाली पिग्मीची नोंद करणारी सर्व्हिस. उरलेल्या दोघांमध्ये सॉकेटखाली पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचे क्लास. मी डेटाबेसच्या बाजूने खातरजमा केली. जोडण्यांची यादी दाखवणाऱ्या पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये सहा जोडण्या ट्रान्झॅक्शन (सगळं पक्कं किंवा काहीच नाही असा नोंदींचा गठ्ठा) उघडं ठेवून रिकाम्या बसलेल्या, त्यांतली सगळ्यात जुनी आदल्या संध्याकाळची. दोन जोडण्या कुलपासाठी थांबलेल्या. सहा आणि दोन. रोजकीर्दीची बेरीज दोन्ही बाजूंनी जुळावी तसं झालं.

आता कोड उघडला. मेसेज पाठवणाऱ्या क्लासमध्ये जोडणीची आणि वाचण्याची मुदत कुठेच दिलेली नव्हती. जावाच्या त्या क्लासमध्ये मुदत दिली नाही तर ती शून्य धरतात, आणि शून्य म्हणजे ताबडतोब नव्हे, शून्य म्हणजे अनंत. एसएमएस कंपनीचा सर्व्हर अधूनमधून विनंती घेतो आणि उत्तर देत नाही. मधलं एखादं राउटर थोड्या वेळाने ती जोडणी विसरून जातं आणि दोन्ही टोकांना तसं कळवतही नाही. आमचा थ्रेड मात्र उत्तराची वाट बघत उभा. जन्मभर.

आणि हे सगळं ट्रान्झॅक्शनच्या आत. खात्यात रक्कम जमा, एजंटची दिवसाची बेरीज अद्ययावत, मग मेसेज, मग कमिट, म्हणजे नोंद पक्की. एका ओळीचा तो बदल काही वर्षांपूर्वी संस्थेच्या मागणीवरून झाला होता: नोंद झाली तरच मेसेज जावा. ऐकायला किती रास्त! तो बदल तपासून ठीक आहे असं म्हणणारी मीच होते. डेटाबेसची नोंद मागे घेता येते, गेलेला मेसेज मागे घेता येत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बाकीचे दोन थ्रेड कुठून आले तेही कळलं. मशीन फिरत राहिलं की एजंट तीच नोंद परत टाकतो. दुसरी नोंद त्याच खात्याच्या ओळीला हात घालायला जाते, ती ओळ पहिल्या अडकलेल्या ट्रान्झॅक्शनने धरून ठेवलेली. मग दुसरी तिच्यामागे उभी. कनेक्शन एक नाही, दोन गेली. एजंट जितका उतावळा तितकी गळती जास्त. हिकारी जुनी झालेली कनेक्शन तीस मिनिटांनी बदलतो, पण जी कुणाच्या हातात आहेत त्यांना तो हात लावत नाही. म्हणून ही आठ रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही तशीच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना वही वाचून दाखवायला सांगितलं. पूल १० चा असताना रीस्टार्ट जवळपास रोज. ३० चा केल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी. हंड्याला भोक होतं ते होतंच. आम्ही फक्त तिप्पट मोठा हंडा आणला होता. काका गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे ताई, आपण तीन दिवस उसने घेतले." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग दुसरी एक आठवण झाली. पाचेक महिन्यांपासून हिशेब विभागात वेगळीच तक्रार येत होती: मेसेज आला, पासबुकात नोंद नाही. ती एजंटांच्या माथी मारली गेली होती. दोन एजंटांना त्याबद्दल बोलणीही खावी लागली होती. आता सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. विनंती कंपनीकडे पोचते, मेसेज निघतो, दुकानदाराला मिळतो. फक्त पोच परत येत नाही. आमचा थ्रेड अडकतो, कमिट होत नाही. दुकानदार मेसेज दाखवतो, एजंट समजतो की नोंद झाली, पुढच्या दुकानात जातो. दोन दिवसांनी काका रीस्टार्ट करतात, जोडण्या तुटतात, पोस्टग्रेस इमानदारीने अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे घेतं. वहीतल्या प्रत्येक रीस्टार्टला काही लोकांचे शंभर-दोनशे रुपये पुसले जात होते.

म्हणून त्या सकाळी रीस्टार्ट करायच्या आधी आम्ही थांबलो. अडकलेल्या ट्रान्झॅक्शनमधल्या ओळी बाहेरून वाचता येत नाहीत, आणि जेकन्सोलमधून थ्रेडचं पोट उघडून खातं क्रमांकही दिसत नाही. थ्रेड मारायचीही सोय त्यात नाही. पण एसएमएस कंपनीकडे पोचल्याचा अहवाल होता. वहीतल्या तारखा, कंपनीचा अहवाल आणि खात्यांचं लेजर, असं तिन्ही शेजारी ठेवून काका आणि हिशेब विभागातल्या एका मॅडमनी दोन दिवस खपून यादी काढली. दोन पानं भरली. रक्कम मोठी नव्हती. त्या दोन एजंटांना अध्यक्षांनी बोलावून घेतलं, एवढं मला माहीत आहे. काय बोलणं झालं ते विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही मुद्दाम काही बदललं नाही. एकदा पूर्ण अडकताना बघायचं होतं, आणि त्या दिवशी कुणाचीही नोंद हरवली तर ती धरायला हिशेबाच्या मॅडम अहवाल उघडून बसल्या होत्या. सकाळपासूनचा आकडा ८ वरून सुरू. साडेपाचनंतर पायऱ्या चढल्यासारखा ११, १४, १९. सहा पन्नासला ३०, आणि पुढे कनेक्शनसाठी थांबलेल्या थ्रेडचा आकडा, जो दोन दिवस शून्य होता, तो भसाभस वाढू लागला. टॉमकॅटचे कामकरी थ्रेड आपण न सांगता २०० पर्यंत वाढतात. थ्रेडचा आलेख चढला आणि वर जाऊन सड्यासारखा सपाट झाला: २०० कामात, त्यांतले ३० कनेक्शन धरून, १७० वाट बघत. त्याच वेळी हीपचे करवतीचे दात विरळ झाले आणि सीपीयू दुपारपेक्षाही खाली गेला. अडकलेली प्रणाली बाहेरून बघणाऱ्याला दमलेली वाटते. आतून ती चक्क रिकामी बसलेली होती. सर्व्हर प्रोसेसला क्विटचा सिग्नल दिला, म्हणजे किल आणि उणे तीन. जेस्टॅक नसलं तरी जेआरईवर त्याने सगळ्या थ्रेडचे स्टॅक टॉमकॅटच्या लॉगमध्ये उतरतात. मोजणी जुळली. सात वाजता रीस्टार्ट.

दुरुस्ती त्याच रात्री दोन टप्प्यांत. जोडणीला ३ सेकंद आणि उत्तराला ५ सेकंद मुदत, हे दहा मिनिटांचं काम. दुसरं, मेसेज ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. नोंद होताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पाठवायच्या मेसेजची एक ओळ वेगळ्या तक्त्यात पडते. एक वेगळा थ्रेड तिथून उचलून पाठवतो. नोंद मागे गेली तर ओळही मागे जाते, आणि कंपनी झोपली तर ओळी साठतात, नोंदी थांबत नाहीत. मी तो थ्रेड दर मिनिटाला चालवणार होते. हिशेबाच्या मॅडमनी अडवलं: "एजंट दारात उभा असताना दुकानदार मोबाइल बघतो. मिनिटभर मेसेज आला नाही तर तो पैसे परत मागेल." त्यांचं बरोबर होतं, दर ५ सेकंदांवर आणला. पोस्टग्रेसमध्येही उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये रिकाम्या बसणाऱ्या जोडणीला मुदत लावली, ९.६ पासून ती सोय आहे. पूल परत १०, हीप परत २ जीबी.

नंतर आठवडाभर जेकन्सोल रात्री नऊनंतर उघडत होते, संध्याकाळी नाही. चालू कनेक्शन ०. रोज ०.

जेकन्सोलच्या मर्यादा मला या आठवड्यातच नीट कळल्या. खिडकी बंद केली की इतिहास गेला. फार तर आलेखावर उजवं क्लिक करून आकडे फाइलमध्ये उतरवता येतात. तो हाक मारत नाही, आपण बघत असू तेव्हाच सांगतो. त्याच्या स्वतःच्या जोडणीचे आरएमआय थ्रेड आपल्याच मोजणीत मिसळतात. आणि पुढे कधी जावा २१ वर जाऊन व्हर्च्युअल थ्रेड वापरले तर ते त्याच्या थ्रेडच्या यादीत दिसणारही नाहीत, तेव्हा असा कागदावर क्रमांक लिहिण्याचा धंदा चालणार नाही. म्हणून दर मिनिटाला जेएमएक्सवरून हिकारीचे दोन आकडे वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला: थांबलेले थ्रेड शून्याच्या वर, किंवा रात्री नऊ ते अकरामध्ये एकही कनेक्शन कामात, तर इशारा. नवा मुलगा म्हणाला, "इशारा एसएमएसने पाठवू." सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यालाही कळलं. इशारा ईमेलने जातो.

एक गोष्ट राहिली आहे. उतावळा एजंट तीच नोंद दोनदा टाकतो तेव्हा आता काही अडकत नाही, म्हणजे दोन्ही नोंदी यशस्वी होतात. एकाच्या ठिकाणी दोन जमा. आधी हे कुलपामुळे झाकलं जात होतं. मशीनने प्रत्येक भरण्याला स्वतःचा पावती क्रमांक द्यावा आणि तोच परत आला तर डेटाबेसने नाकारावा, असं ठरलं आहे; मशीनवाल्यांकडून नवी आवृत्ती यायची आहे. तोवर मॅडम रोज संध्याकाळी एकाच खात्यावरच्या सारख्या रकमा तपासतात.

काकांच्या वहीत अडकल्यामुळे केलेल्या रीस्टार्टची शेवटची नोंद त्याच संध्याकाळची, सात वाजून दोन मिनिटं. पुढची पानं कोरी होती. परवा गेले तेव्हा ती वही जनरेटरजवळ खिळ्याला लटकवलेली होती, आणि तिच्यात डिझेल कधी भरलं ते लिहिलेलं होतं.